खाड्यानंतरचा दिवस

आरोग्यासाठी काय करावं हे आता मराठी वाचकाला कुणी नव्याने सांगायला नको. सकाळी चालावं, ताटात भाकरी-भाजी-वरण-कोशिंबीर असावी, साखर, मैदा आणि तळण आवरावं, रात्रीचं जेवण लवकर उरकावं, हे घराघरांत पाठ आहे. पाडव्याला, एक जानेवारीला, नाहीतर रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की दुसऱ्याच दिवशी माणसं हे सगळं सुरूही करतात आणि अगदी मनापासून करतात. मग कधीतरी खाडा पडतो. एका दिवसाचे दोन होतात, दोनाचे दहा होतात, आणि तिथून पुढे काय करायचं याबद्दल बहुतेक पुस्तकं काहीच बोलत नाहीत. हे पुस्तक तिथूनच सुरू होतं.

आहार-सल्लागार म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. सल्ला मागायला येणाऱ्यांत आयुष्यात पहिल्यांदाच प्रयत्न करणारं माणूस क्वचित भेटतं. बहुतेकांनी आधी काहीतरी केलेलं असतं, त्याचा फायदाही झालेला असतो, आणि नंतर ते सुटलेलं असतं. सुटलं कसं, हे विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मुलाची दहावी होती. पाऊस लागला. बदली झाली. गुडघा धरला. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक वाक्य येतं, ‘माझ्यातच चिकाटी नाही हो.’ मला या पुस्तकात या शेवटच्या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी आपलं वर्ष कसं जातं ते पाहू. श्रावणातले उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वडे आणि वेफर्स. त्यामागून गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीचा फराळ, जो तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यांतून पुरतो. लगेच लग्नसराई. संक्रांतीचे लाडू संपतात तोवर परीक्षा येतात. एप्रिल-मे म्हणजे आंबे, पाहुणे आणि गावची वारी. जूनमध्ये सकाळचं चालणं पावसात बुडतं. यात आजारपण, ऑफिसचं वर्षअखेर आणि रात्रपाळी धरलेलीच नाही. म्हणजे ज्याला आपण ‘अचानक घडी विस्कटली’ म्हणतो, ती कधी विस्कटणार हे भिंतीवरच्या कालनिर्णयात आधीच छापलेलं असतं. तरीही आपण ठरवताना असं ठरवतो, जणू वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सारखेच उजाडणार आहेत. अशी योजना मोडते यात माणसाचा दोष शोधू नये. योजनेत सण, पाऊस आणि आजारपण यांना जागाच ठेवलेली नसते.

आता खाडा पडल्यानंतर मनात काय होतं ते पाहू, कारण खरं नुकसान तिथे होतं. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, कारण पोट भरलं होतं. ज्या एरवी तोंडावर ताबा ठेवून होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेक न प्यायलेल्या आपल्यासारख्याच मुलींपेक्षा जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला आवरा! आपल्याकडे हे एका मोदकाने सुरू होतं. एक खाल्ला, वर दुसरा खाल्ला, म्हणजे आजचा दिवस गेला. दिवस गेला म्हणजे विसर्जनापर्यंत सोडून देऊ. आता पितृपक्ष, मग नवरात्र, तर दिवाळीनंतरच बघू. हिशेब केला तर त्या दुसऱ्या मोदकाने काहीच बिघडलेलं नसतं. जे बिघडतं ते मोदक आणि दिवाळी यांच्यामधल्या आठवड्यांत बिघडतं.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे अ‍ॅलन मार्लट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासोबत 1985 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एकदा पाय घसरणं आणि पुन्हा पूर्वीच्या जागी जाऊन पडणं या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही. मधे माणूस स्वतःला काय सांगतो त्यावर ते ठरतं. ‘आज मुलीचा साखरपुडा होता म्हणून चालणं राहिलं’ असं म्हणणारा उद्या चालायला जातो. ‘मी आहेच असा’ म्हणणाऱ्याला उद्या जाण्याचं कारणच उरत नाही. व्यसन आणि जेवण यांत मोठा फरक आहे, कारण जेवण कुणालाच सोडता येत नाही. त्यामुळे ताटाच्या बाबतीत घसरण्याची वेळ दिवसातून तीनदा येते, आणि सावरण्याचीही तितक्याच वेळा येते. माझ्या मते या विषयातली सगळ्यात आशादायक गोष्ट ही आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं उदाहरण देते. ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. वय पन्नाशीचं, नोकरी बँकेत, साखर काठावर. त्यांना मी एक साधी वही ठेवायला सांगितली होती. सकाळी किती चाललात आणि तिन्ही वेळचं ताट, एवढंच लिहायचं. दोन-तीन महिने उत्तम गेले आणि मग त्या यायच्या बंद झाल्या. जवळजवळ वर्षाने आल्या तेव्हा हातात नवी कोरी वही होती. जुनी कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, ‘ती दाखवण्यासारखी नाही.’ पुढच्या खेपेला मी ती मागून घेतली. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात पानंच्या पानं भरलेली होती: ‘दीड भाकरी, मेथी, ताक. चालणे 35 मिनिटे.’ मग एका तारखेला फक्त ‘वन्सं अ‍ॅडमिट’ असं लिहिलेलं. त्यानंतर चार दिवस नुसत्या तारखा घातलेल्या, समोर काही नाही. पुढची सगळी पानं कोरी. दवाखान्यातली धावपळ पंधरवड्यात संपली होती. पण भरल्या वहीत मधे रिकामी पानं राहिली हे त्यांना इतकं लागलं, की त्यांनी वही कपाटात टाकली आणि माझ्याकडे येणंही थांबवलं. तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. त्या वर्षात साखर काठावरून पुढे गेली होती आणि गोळी सुरू झाली होती. त्यांच्या शरीराला ते पंधरा दिवस सहज पेलले असते. त्यानंतर लाजेने गेलेले महिने मात्र पेलले नाहीत.

लाज माणसाला शिस्त लावते असं आपल्या घरांत आणि दवाखान्यांतही मानलं जातं. ‘अजून वजन तेवढंच? जरा मनावर घ्या’ हे वाक्य ऐकून माणूस मनावर घेतो खरा, पण पुढच्या तपासणीला येत नाही. 2007 साली अ‍ॅडम्स आणि लिअरी या संशोधकांनी काही तरुणींना आधी डोनट खायला दिला. त्यातल्या काहींना प्रयोग घेणारी सहज म्हणाली, असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला फार बोल लावू नका. खाण्यावर एरवी कडक बंधन घालणाऱ्या ज्या मुलींनी हे शब्द ऐकले, त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. ज्यांना असं कुणी काही म्हटलं नव्हतं, त्यांनी जास्त खाल्ली. दोन मायेच्या वाक्यांनी हात आवरला गेला. असं कुणी बोललं तर माणूस सैल पडेल, ही आपल्याकडची भीती आहे. या प्रयोगात उलट दिसलं आणि माझा अनुभवही उलटच आहे.

खाडा पडला म्हणजे कमावलेलं सगळं गेलं, ‘पुन्हा पहिले पाढे पंचावन्न’, ही समजूतही तपासायला हवी. अमेरिकेत डॅलस इथे 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. एवढ्यात त्यांची दमसासाची क्षमता साधारण एक चतुर्थांशाने घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने जास्त केलं होतं! या निष्कर्षाने घाबरून जायला होतं, पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. त्या पन्नाशीच्या पुरुषांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत दिला. वयाने गेलेला दम त्यांनी पूर्ण भरून काढला आणि विशीत प्रयोगाच्या सुरुवातीला होते तिथे ते आले. विशीत कडक प्रशिक्षणाने गाठलेली उंची काही परत आली नाही, आणि माणसं पाचच होती, हेही सांगायला हवं. तरीही तीन दशकांनंतर शरीर सहा महिन्यांत इतकं परतू शकतं, हे कळलेल्या माणसाने आषाढातल्या तीन आठवड्यांच्या खाड्याला किती घाबरावं?

वजनाचं गणित मात्र दमासारखं सरळ नाही, आणि त्याबद्दल खोटा धीर देणं मला पटत नाही. मेलबर्नमधल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जास्त वजन असलेल्या पन्नास लोकांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वजन उतरलं. पण वर्ष उलटून गेल्यावरही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरकं बदललेलीच राहिली, आणि त्यांना भूकही आधीपेक्षा जास्त लागत होती. उपाशी राहून भराभर उतरवलेलं वजन परत चढतं तेव्हा शरीर ते परत मागत असतं. अशा वेळी स्वतःला हावरट ठरवणं हा अन्याय आहे. म्हणूनच या पुस्तकात ‘एका महिन्यात दहा किलो’ अशा आहाराला जागा नाही. खाडा पडल्यावर तर तो मुळीच करू नये, कारण चार दिवस जास्त खाल्लं म्हणून पुढचे चार दिवस उपाशी राहणाऱ्याची गाठ पाचव्या दिवशी आणखी मोठ्या भुकेशी पडते.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, असंही सगळीकडे सांगतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरला. नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णाला निदान एवढे दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांवर प्रत्यक्ष पाहणी केली. त्यांना दिसलेला मधला आकडा 66 दिवसांचा होता, आणि माणसामाणसांत तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. याच पाहणीत एक दुसरी गोष्ट दिसली, जी फार कमी लोकांपर्यंत पोचली आहे. मधे एखादी संधी हुकली, तर सवय रुजण्याच्या प्रक्रियेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नव्हता. मोबाइलवरची अ‍ॅप्स मात्र एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. माणसाच्या शरीरात असं शून्य कुठेच नसतं.

मग परतायचं कसं? आपल्या घरांत याचं शहाणपण आधीपासून आहे. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला कुणी पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढत नाही. आधी पेज, मग मऊ भात, मग मुगाचं वरण, मग अर्धी पोळी, असं चढत्या क्रमाने त्याला नेहमीच्या ताटावर आणलं जातं. खंडानंतर व्यायामाकडेही असंच परतावं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बलवान माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं सांगितलं आहे, आणि अंगवळणी पडलेली अपथ्यं चतुर्थांशाने, पायरीपायरीने सोडायला सांगितली आहेत. इतकी जुनी आणि इतकी व्यवहारी सूचना हाताशी असताना आपण मात्र महिनाभराच्या सुट्टीनंतर रथसप्तमीला एकदम एकशे आठ सूर्यनमस्कार घालतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही म्हणून पुन्हा महिनाभर बसतो. आधी रोज चाळीस मिनिटं चालत असाल, तर परतल्यावरचा पहिला आठवडा वीस मिनिटांचा धरा. दहा मिनिटंच जमत असतील तरी ती मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 सालची मार्गदर्शक सूत्रं प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगतात. व्यायाम एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवा ही जुनी अट त्यांत आता उरलेली नाही.

जेवणाच्या बाबतीत परतायची वेळ म्हणजे पुढचं जेवण. पुढचा सोमवार किंवा पुढचा महिना नव्हे. दुपारी लग्नात पंगत झाली असेल तर रात्री नेहमीसारखं भाजी, आमटी आणि थोडा भात. प्रायश्चित्त म्हणून काही करायचं नाही. ‘एका दिवसाने काय होतंय, खा गं’ असं नातेवाईक म्हणतात. त्यावर चिडू नये, कारण ते खरंच बोलत असतात. एका दिवसाने काही होत नाही. सांभाळायचा तो दुसरा दिवस, आणि त्या दिवशी आग्रह करायला कुणी आलेलंही नसतं.

पुस्तकाचं सगळ्यात मोठं प्रकरण घरातल्या बाईवर आहे, आणि ते मी जाणूनबुजून मोठं केलं आहे. खाडे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. घरात पाहुणा आला, मूल तापलं, मोलकरीण आली नाही, डबा लवकर हवा झाला, की पहिली कापली जाते ती बाईची सकाळची अर्ध्या तासाची फेरी. नवऱ्याचं जिम आणि मुलाचं क्रिकेट चालू राहतं. ती सगळ्यांच्या मागून जेवते. पातेल्यात उरलेला भात टाकवत नाही म्हणून तोही तिच्याच पोटात जातो, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा ती म्हणते, ‘मी तर फारसं खातच नाही.’ तिला चिकाटीवर व्याख्यान देणं मला क्रूरपणाचं वाटतं. तिची चिकाटी रोज पहाटे पाच वाजता ओट्यापाशी उभी असते. तिला हवा असतो तो घराने तिच्यासाठी राखलेला अर्धा तास आणि गरम ताट. त्या प्रकरणातल्या सूचना म्हणूनच तिच्यासाठी कमी आणि घरातल्या इतरांसाठी जास्त आहेत. डबा कोण भरणार, सकाळचं दूध कोण घेणार, हे ठरल्याशिवाय तिच्या चालण्याचं वेळापत्रक करण्यात अर्थ नाही. रात्रपाळीचे कामगार, बसचे चालक आणि घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणारे यांचंही हेच आहे.

एवढं सगळं करून मिळतं काय, असं कुणी विचारेल. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 साली आले. आहार आणि आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम पाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापून येतो. पुढचं कमी छापलं जातं. पहिल्या वर्षी सरासरी सात किलोंच्या आसपास उतरलेलं वजन पुढच्या वर्षांत बरंचसं परत चढलं. आपल्या भाषेत हे लोक घसरले. तरीही दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा त्या गटात मधुमेहाचं प्रमाण तुलनेने 34 टक्क्यांनी कमीच होतं. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 531 भारतीयांवर केलेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर जीवनशैली बदलणाऱ्यांचं वजन फारसं उतरलंच नाही, पण मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. ज्या देशात, आयसीएमआरच्या 2023 सालच्या पाहणीप्रमाणे, 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, त्या देशात अडखळत केलेल्या प्रयत्नांना इतकं मोल आहे हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहायला हवं.

काही गोष्टी या पुस्तकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि त्या आधीच सांगते. चोरून, ताबा सुटल्यासारखं भरमसाट खाणं आणि मग ओकारी काढणं किंवा दिवसच्या दिवस उपाशी राहणं हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते मानसोपचारतज्ज्ञाकडे मिळतात. चालताना छातीत दुखत असेल, डेंग्यू-न्यूमोनियातून नुकतेच उठला असाल, इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना उपवास करायचा असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचायला हवं असं नाही. ज्यांचा खाडा सध्या चालू आहे त्यांनी सरळ ‘परतीचा पहिला आठवडा’ हे प्रकरण उघडावं. घरातल्या दुसऱ्या कुणासाठी पुस्तक घेतलं असेल, तर ते त्या व्यक्तीच्या हातात देण्याआधी स्वतः बाईवरचं प्रकरण वाचावं. माझ्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांना आणि डॉक्टर मंडळींना एक विनंती आहे. बऱ्याच दिवसांनी परत आलेल्या माणसाला, इतके दिवस कुठे होतात असं विचारू नका. तो आला आहे, त्याला बसवा आणि आज काय जमेल ते विचारा. आणि ज्या वाचकांची साखरेची किंवा रक्तदाबाची तपासणी निव्वळ संकोचापोटी राहून गेली आहे, त्यांनी ती याच आठवड्यात करून घ्यावी. पुस्तक त्यानंतर वाचलं तरी चालेल.